पक्षिमित्र डॉ. सालिम अली

पूर्व आफ्रिकेतील केनिया व टांझानिया या देशांत वन्यप्राणी पाहण्यासाठी जगाच्या कानाकोपऱ्यातून लोक जातात. त्या प्रवासाला ‘सफारी’ म्हणतात. हा शब्द तिकडच्या स्वाहिली भाषेतला असला, तरी मुळात तो अरबी आहे, आणि आपण मराठीत वापरतो तो ‘सफर’ शब्द त्याचाच सख्खा भाऊ होय. सेरेंगेटीच्या विस्तीर्ण गवताळ माळावरून दहा लाखांहून अधिक कुरंग दरवर्षी पावसामागून चाऱ्याच्या शोधात स्थलांतर करतात. प्रवासी मोटारीत बसून दुर्बिणीतून ते दृश्य पाहतात, छायाचित्रे घेतात आणि कोणाच्याही केसाला धक्का न लावता परत फिरतात.

परंतु शंभर वर्षांपूर्वी सफारीचा अर्थ असा नव्हता. त्या काळी सफारी म्हणजे शिकार. १९०९ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मोठा लवाजमा घेऊन पूर्व आफ्रिकेत गेले. त्यांच्या मोहिमेत हजारो पशुपक्षी मारले गेले आणि ते पेंढा भरून ठेवण्यासाठी वॉशिंग्टनच्या वस्तुसंग्रहालयाकडे रवाना झाले. त्यात कोणालाही वावगे वाटले नाही. उलट तो पराक्रमच मानला गेला. आपल्या देशातही राजेरजवाडे आणि इंग्रज अधिकारी हेच करीत. पुढे काळ बदलला. सेरेंगेटी १९५१ साली राष्ट्रीय उद्यान झाले, आपल्या महाराष्ट्रातील ताडोबा १९५५ साली झाले, आणि १९७७ साली केनियाने शिकारीवर बंदी घातली. बंदूक खाली ठेवून दुर्बीण हाती घेण्यास माणूस शिकला. हा पालट आपल्या देशात ज्यांच्या जीवनात सर्वांत स्पष्टपणे दिसून येतो, त्या डॉ. सालिम अली यांची ही कथा आहे.

सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे, दहावे अपत्य. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईचेही छत्र हरपले. अमीरुद्दीन तय्यबजी हे त्यांचे मामा. त्यांना व त्यांच्या पत्नी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. त्या दोघांनी या पोरक्या भाच्यांना मुंबईतील खेतवाडीच्या आपल्या घरी आणले आणि पोटच्या मुलांप्रमाणे वाढविले. गांधीजींचे निष्ठावंत सहकारी अब्बास तय्यबजी हे याच घराण्यातले.

अमीरुद्दीन मामांना शिकारीचा मोठा षोक होता. घरात बंदुकांच्या व शिकारीच्या गोष्टी नित्य चालत. छोट्या सालिमलाही नामांकित शिकारी व्हावे असे वाटे. मामांनी त्याला छऱ्यांची एक हवाई बंदूक भेट दिली. ती घेऊन तो घराच्या आसपास चिमण्यांवर नेम धरीत हिंडे. त्या वयातील मुलांना असले खेळ आवडत. परंतु या मुलात एक वेगळेपण होते. त्याने काय पाहिले, ते तो वहीत टिपून ठेवी. तबेल्यातील एका भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंडी उबवीत असे आणि नर बाहेर खुंटीवर पहारा करीत बसे. सालिमने तो नर मारला. थोड्याच वेळात दुसरा नर त्या खुंटीवर येऊन बसला. आठवडाभरात त्याने असे आठ नर मारले आणि प्रत्येक वेळी चिमणीला नवा जोडीदार मिळाला. हे सारे त्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाने व्यवस्थित लिहून ठेवले. हात शिकाऱ्याचा होता, परंतु डोळे मात्र संशोधकाचे होते. पुढे साठ वर्षांनी तीच टिपणे छापली गेली.

१९०८ च्या सुमारास अशीच एक चिमणी त्याच्या बंदुकीने पडली. ती उचलून पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! घरात वावरणाऱ्या चिमणीला असा ठिपका कधीच नसतो. मग ही कोण? आपल्या धर्माप्रमाणे ही खाण्यास योग्य आहे की नाही, अशीही शंका त्याला आली. त्याने ती मामांकडे नेली. मामांनाही सांगता येईना. परंतु ठाऊक नसलेली गोष्ट त्यांनी उडवून लावली नाही. ते ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ या संस्थेचे सभासद होते. पशुपक्षी व वनस्पती यांच्या अभ्यासासाठी १८८३ साली ही संस्था मुंबईत स्थापन झाली होती. मामांनी संस्थेचे चिटणीस मिलर्ड यांच्या नावे एक चिठ्ठी लिहून दिली आणि भाच्याला एकट्यालाच तिकडे पाठविले.

कागदात गुंडाळलेली ती मेलेली चिमणी घेऊन सालिम संस्थेच्या दारी गेला. इंग्रज अधिकाऱ्यासमोर उभे राहण्याचा तो त्याचा पहिलाच प्रसंग. मन धास्तावले होते. परंतु मिलर्डसाहेबांनी त्याचे प्रेमाने स्वागत केले. पक्षी पाहताच त्यांनी ती पीतकंठी रानचिमणी असल्याचे ओळखले. मग त्यांनी त्या मुलाला कपाटांमागून कपाटे उघडून दाखविली. खणाखणांतून पेंढा भरलेले शेकडो पक्षी नीट मांडून ठेवलेले होते आणि प्रत्येकाच्या पायाला नाव, गाव व तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधलेली होती. आपल्या देशात इतक्या प्रकारचे पक्षी आहेत, हे सालिमला प्रथमच कळले. साहेबांनी त्याला वाचायला पुस्तके दिली आणि पक्ष्यांत पेंढा भरण्याची कला शिकण्याची सोय करून दिली. एका लहान मुलाच्या शंकेला एका मोठ्या माणसाने अर्धा दिवस दिला. त्या अर्ध्या दिवसातून भारताला पक्षितज्ज्ञ मिळाला.

तथापि पुढची वाट सोपी नव्हती. शाळेत सालिम कधी फारसा चमकला नाही. डोकेदुखीच्या विकाराने तो वारंवार आजारी पडे, म्हणून हवापालटासाठी त्याला सिंधमधील नातेवाइकांकडे काही काळ राहावे लागले. १९१३ साली तो कसाबसा मॅट्रिक झाला. गणिताची धास्ती वाटून त्याने महाविद्यालय सोडले आणि ब्रह्मदेशातील तवाय येथे भावाच्या मदतीला गेला. तेथे कुटुंबाचा खाणीचा व इमारती लाकडाचा धंदा होता. धंद्यात त्याचे लक्ष कितपत लागले असेल, याची कल्पना करावी! भोवताली घनदाट अरण्य आणि त्यात नाना रंगांचे पक्षी. हिशेबाच्या वह्यांपेक्षा रानातील पायवाटाच त्याला अधिक प्रिय वाटल्या. अखेर १९१७ साली तो मुंबईस परतला. व्यापारी शिक्षण घेता घेता त्याने सेंट झेवियर महाविद्यालयात प्राणिशास्त्राचाही अभ्यास केला. १९१८ साली तेहमिना बेगम यांच्याशी त्याचा विवाह झाला.

सालिम अलींना पक्ष्यांविषयी कितीही ज्ञान असले, तरी त्यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. सरकारी प्राणिशास्त्र विभागात पक्षितज्ज्ञाची एक जागा निघाली; पदवी नसल्यामुळे ती त्यांना मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात नवा निसर्गविभाग उघडला. आज हे संग्रहालय छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नावाने ओळखले जाते. तेथे येणाऱ्यांना प्राण्यांविषयी माहिती सांगण्याचे काम सालिम अलींना मिळाले. पगार दरमहा साडेतीनशे रुपये. परंतु पेंढा भरलेल्या पक्ष्यांविषयी बोलता बोलता आपलेच ज्ञान अपुरे आहे, ही जाणीव त्यांना बोचू लागली. १९२८ साली रजा घेऊन ते जर्मनीस गेले. बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान हे थोर पक्षिशास्त्रज्ञ काम करीत होते. त्यांच्या हाताखाली सालिम अलींना शास्त्रीय अभ्यासाची शिस्त लागली. मेलेल्या पक्ष्याचे मोजमाप घेणे हा अभ्यासाचा केवळ आरंभ होय. जिवंत पक्षी आपल्या परिसरात कसा जगतो, हे जाणणे हा खरा अभ्यास, ही दृष्टी त्यांना तेथे लाभली.

१९३० साली ते उत्साहाने मायदेशी परतले, तो त्यांची जागाच उरली नव्हती! पैशाच्या टंचाईमुळे ती रद्द करण्यात आली होती. वय चौतीस, हाती विद्या आहे, परंतु नोकरी नाही. मुंबईत घर चालविणे अवघड झाले. तेव्हा पतिपत्नी अलिबागजवळील किहीम या समुद्रकाठच्या गावी जाऊन राहिली. एखादा माणूस अशा वेळी खचून गेला असता. सालिम अलींनी मात्र खिडकीबाहेर पाहिले. पावसाळा सुरू झाला होता आणि जवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची घरटी बांधण्याची एकच धांदल उडाली होती.

विहिरीच्या काठच्या बाभळीवर लोंबणारे सुगरणीचे खोपे आपल्यापैकी कोणी पाहिले नाहीत? वर्धा जिल्ह्यातील रोहण्यासारख्या गावाच्या शिवारातही ते सहज दृष्टीस पडतात. खोपा विणणारी ती सुगरण, म्हणजे कामात चतुर अशी गृहिणी, असे आपले पूर्वज समजत आणि म्हणूनच त्यांनी पक्ष्याला हे नाव दिले. सालिम अली आडोसा करून दिवसच्या दिवस त्या घरट्यांपाशी बसून राहिले. कोणता पक्षी केव्हा आला, काय घेऊन आला, कोठे बसला, हे सारे ते टिपू लागले. तेव्हा जे आढळले, ते नवल करण्यासारखे होते. खोपा विणतो तो नर! पिवळ्या टोपीचा हा कारागीर गवताच्या लांब पात्या चोचीने चिरून आणतो, त्या गुंफून अर्धा खोपा तयार करतो आणि मग पंख फडफडवीत माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरते, विणकाम ओढून पाहते. पसंत पडले तर ती तेथे राहते. न पडले तर सरळ निघून जाते. पसंती मिळाल्यावरच नर उरलेला खोपा व खाली लोंबणारी नळी पुरी करतो. अंडी उबविणे आणि पिले वाढविणे हे काम मात्र मादी करते. तोपर्यंत नर शेजारीच दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसरी मादी आणतो. एका नराचे असे अनेक संसार क्रमाक्रमाने उभे राहतात, ही गोष्ट सालिम अलींनी तेथे सिद्ध केली.

हा निबंध संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि देशोदेशींच्या अभ्यासकांचे लक्ष त्याकडे गेले. त्यासाठी सालिम अलींना मोठी प्रयोगशाळा लागली नाही. वही, पेन्सिल आणि एका जागी निश्चल बसण्याची चिकाटी एवढेच त्यांचे साहित्य होते. नोकरी गेली नसती, तर कदाचित हे काम झालेही नसते.

त्यानंतर त्यांना एक युक्ती सुचली. भारतातील निरनिराळ्या संस्थानांत कोणकोणते पक्षी आहेत, याची शास्त्रीय पाहणी कधी झालीच नव्हती. सालिम अलींनी असे ठरविले की, संस्थानिकांनी केवळ खर्च सोसावा, आपण मेहनताना घेणार नाही. याप्रमाणे १९३१ साली हैदराबाद संस्थानाची पाहणी सुरू झाली. त्या संस्थानात तेव्हा आपला मराठवाडाही होता. पुढे त्रावणकोर, कोचीन, म्हैसूर, बडोदे, कच्छ, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी अनेक संस्थाने त्यांनी पालथी घातली. बैलगाडीतून, उंटावरून, कधी पायी असा त्यांचा प्रवास चाले. तंबूत मुक्काम, पहाटे उठून रानात भ्रमंती आणि रात्री कंदिलाच्या उजेडात टिपणे. तेहमिनाबाई सुखवस्तू घरात वाढल्या होत्या. तरी रानातील हे खडतर जीवन त्यांनी आनंदाने पत्करले आणि पतीच्या लेखनातही मदत केली.

या पाहण्यांत सालिम अलींनी पक्षी मारले नाहीत असे नाही. त्या काळी पक्ष्यांच्या जाती व पोटजाती निश्चित करण्यासाठी नमुने गोळा करावेच लागत आणि ते गोळा करण्यास बंदुकीवाचून उपाय नव्हता. परंतु मौजेसाठी मारणे आणि अभ्यासापुरता नमुना घेणे यांतील फरक त्यांनी ओळखला होता. बंदुकीपेक्षा दुर्बिणीनेच त्यांचे समाधान अधिक होई.

१९३९ साली त्यांच्यावर मोठा आघात झाला. एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर रक्त दूषित होऊन तेहमिनाबाईंचे अकाली निधन झाले. सालिम अलींना मूलबाळ नव्हते. ते बहीण कामू आणि मेव्हणे हसन अली यांच्या घरी राहू लागले. दुःख त्यांनी बोलून दाखविले नाही. कामात स्वतःला बुडवून घेतले. दोन वर्षांनी, म्हणजे १९४१ साली, भारतीय पक्ष्यांविषयीचे त्यांचे सुप्रसिद्ध इंग्रजी पुस्तक बाहेर पडले. त्यात पक्ष्यांची रंगीत चित्रे होती आणि शास्त्राचा गंध नसलेल्या माणसालाही पक्षी ओळखता यावा अशी सोपी, नेमकी माहिती होती. पंडित जवाहरलाल नेहरूंनी तुरुंगात असताना १९४२ साली या पुस्तकाची एक प्रत आपल्या कन्या इंदिरा यांना भेट दिली होती. त्याही त्या वेळी तुरुंगात होत्या. त्या पुस्तकाने किती घरांत पक्ष्यांचे वेड शिरले, याची गणती नाही.

१९४५ साली सालिम अली कच्छच्या मोठ्या रणात गेले. तेथे चिखल व खारे पाणी यांमध्ये रोहित पक्ष्यांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, एक नगरीच वसते. लांब पायांचे, वाकड्या चोचीचे हे गुलाबी पक्षी चिखलाचे बुटके बुरूज रचून त्यांवर अंडी घालतात. सालिम अलींनी त्या निर्जन जागी जाऊन घरट्यांचा अंदाज घेतला, तो लाखाच्या घरात गेला. पूर्व आफ्रिकेतील नाकुरूसारख्या खाऱ्या सरोवरांच्या काठी प्रवासी ज्यासाठी जातात, तसाच रोहितांचा गुलाबी सागर आपल्या देशातही आहे, हे त्यांच्या लेखांमुळे जगाला कळले. आज मुंबईजवळ ठाण्याच्या खाडीतही हजारो रोहित उतरतात आणि त्यांच्यासाठी तेथे २०१५ साली अभयारण्य घोषित झाले आहे.

पक्षी येतात कोठून आणि जातात कोठे? हे कोडे सोडविण्यासाठी सालिम अलींच्या मार्गदर्शनाखाली संस्थेने पक्ष्यांच्या पायांत वाळे अडकविण्याचे मोठे काम १९६० च्या आसपास हाती घेतले. पक्ष्याला इजा होणार नाही अशा जाळ्यात त्याला पकडायचे, क्रमांक व संस्थेचा पत्ता कोरलेला ॲल्युमिनियमचा हलका वाळा पायात घालायचा आणि सोडून द्यायचे. तोच पक्षी दूर देशी कोणाच्या हाती लागला, तर त्याने संस्थेस कळवायचे. या पद्धतीने आपल्या तळ्यांवर हिवाळा काढणारी बदके रशिया व मध्य आशिया येथून येतात, याचे पक्के पुरावे मिळाले. पक्ष्यांना देशांच्या सीमा नसतात. मृग नक्षत्राच्या सुमारास विदर्भातील शेतावर काळापांढरा, डोक्यावर तुरा असलेला चातक ओरडू लागतो, तेव्हा पाऊस जवळ आला असे शेतकरी समजतो. हा चातकही अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेकडून आलेला पाहुणा असतो. ज्या माळरानावर सिंह व जिराफ हिंडतात, त्याची हवा खाऊन तो आपल्या बाभळीवर येऊन बसतो!

सालिम अलींच्या कार्याची खरी कसोटी राजस्थानातील भरतपूर येथे लागली. तेथील राजांनी बांध घालून एक विस्तीर्ण पाणथळ जागा केवळ बदकांच्या शिकारीसाठी राखली होती. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ तेथे शिकार झाली. त्या एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले आणि तो आकडा पाहुण्यांच्या गौरवासाठी दगडावर कोरून ठेवला गेला. योगायोग असा की, तो सालिम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस होता. स्वातंत्र्यानंतर ही पाणथळ जागा आटवून तेथे शेती करावी, अशी मागणी पुढे आली. भूमिहीनांना जमीन हवी होती. मागणी गैर होती असेही म्हणता येणार नाही. परंतु एकदा पाणी गेले की हजारो पक्ष्यांचा आसरा कायमचा जाणार होता. सालिम अलींनी पंतप्रधान नेहरूंपुढे पक्ष्यांची बाजू मांडली आणि ती जागा वाचली. पुढे ते केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८५ साली त्याचा समावेश जागतिक वारशात झाला.

येथील एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. उद्यानात गुरे चरल्याने पक्ष्यांना उपद्रव होतो, असे सालिम अलींचे व अन्य तज्ज्ञांचे मत होते. १९८२ साली चराईवर बंदी आली. पिढ्यान्पिढ्या तेथे म्हशी चारणारे गावकरी संतप्त झाले, पोलिसांशी संघर्ष झाला आणि त्यात प्राणहानीही झाली. नंतर सालिम अलींच्याच संस्थेतील संशोधकांनी अनेक वर्षे काळजीपूर्वक निरीक्षण केले. तेव्हा असे दिसले की, म्हशी पाण्यातील गवत खाऊन जागा मोकळी ठेवीत होत्या. त्या गेल्यावर गवत माजले आणि पाणपक्ष्यांना जागा अपुरी पडू लागली. थोर माणसाचेही मत चुकू शकते. परंतु ते तपासून पाहण्याची आणि जे दिसले ते निर्भयपणे लिहिण्याची शिस्त ज्यांनी संस्थेला लावली, ते सालिम अलीच होते. मनुष्याच्या मोठेपणाचा हाही एक दाखला होय.

स्वातंत्र्यानंतर ही जुनी संस्था पैशावाचून बंद पडण्याच्या बेतात आली होती. तेव्हा सालिम अलींनी पंतप्रधानांना पत्र लिहून सरकारी साहाय्य मिळविले व तिला जगविले. केरळातील सायलेंट व्हॅली या अरण्यात धरण बांधण्याची योजना निघाली, तेव्हा तिला विरोध करणाऱ्यांतही ते अग्रभागी होते. ते अरण्य वाचले आणि १९८४ साली राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. दरम्यान अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ले यांच्या सहकार्याने त्यांनी भारत, पाकिस्तान व शेजारील प्रदेशांतील पक्ष्यांविषयी दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १९६८ ते १९७४ या काळात प्रकाशित झाला. शेवटचा खंड निघाला, तेव्हा त्यांचे वय सत्त्याहत्तरच्या पुढे होते.

सालिम अलींची शरीरयष्टी अगदी सडपातळ. परंतु उत्साह दांडगा. मोटारसायकलचे त्यांना भारी वेड. १९५० साली स्वीडनमध्ये पक्षितज्ज्ञांची जागतिक परिषद भरली, तेव्हा त्यांनी आपली मोटारसायकल बोटीवर चढवून युरोपात नेली आणि चौपन्नाव्या वर्षी तिच्यावरून प्रवास करीत ते परिषदेस पोहोचले. हे गृहस्थ भारतापासून मोटारसायकलवरच आले, असा काहींचा समज झाला! कामात मात्र ते अत्यंत काटेकोर असत. पुरावा नसलेले विधान आणि वेळेचा अपव्यय त्यांना मुळीच खपत नसे.

ज्या माणसाला पदवी नाही म्हणून नोकरी नाकारली गेली होती, त्याला १९५८ साली अलीगढ विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टर ही पदवी अर्पण केली. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण देऊन गौरविले. १९७६ साली वन्यजीवरक्षणासाठीचे एक मोठे आंतरराष्ट्रीय पारितोषिकही त्यांना मिळाले. त्याचा पैसा त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीसाठीच दिला. १९८५ साली राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याच्या नावातही त्यांनी आपल्या हातून पडलेल्या त्या चिमणीचाच उल्लेख केला. १९८७ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांची प्राणज्योत मालवली.

गोव्यात मांडवी नदीतील चोडण बेटावर त्यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. कोइमतूरजवळ पक्षिशास्त्राचे एक राष्ट्रीय अभ्यासकेंद्र त्यांच्या नावाने चालते. महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. विदर्भातील रानावनांत आयुष्य वेचलेले अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन जन्मदिवसांच्या मध्ये हा सप्ताह येतो.

मुलांनो, वन्यजीव पाहण्यास आफ्रिकेला जाण्याचे भाग्य थोड्यांनाच लाभते. वर्धा जिल्ह्यातील बोर अभयारण्यात वाघ आहेत. तेथेही सर्वांना जाता येईल असे नाही. परंतु आपल्या अंगणातील चिमणी, विहिरीवरील खोपा आणि तळ्याकाठचा बगळा हे तर सर्वांच्याच वाट्याला आले आहेत. सालिम अलींचे संशोधन अशाच एका चिमणीपासून सुरू झाले. त्या चिमणीला जीव गमवावा लागला. तुम्हांला मात्र त्याची गरज नाही. एखाद्या सकाळी वही घेऊन झाडाखाली निमूट बसा. कोणता पक्षी आला, काय करून गेला, ते तारीख घालून लिहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. न समजलेले जाणत्यांना विचारा. असे महिनाभर केलेत, तर ज्या झाडाखालून तुम्ही रोज शाळेत जाता, त्या झाडावर केवढे जग नांदत आहे, ते तुमचे तुम्हांलाच कळेल.